ध्रुवावरून दवाखाना किती तासांवर?

पृथ्वीवरच्या दोन विमानतळांमधले सरळ अंतर काढायला एरवी गोलाची त्रिकोणमिती लागते. पण त्यातला एक विमानतळ दक्षिण ध्रुवावर असेल, तर हे गणित शाळकरी मुलालाही जमते. ध्रुवावर सगळी रेखावृत्ते एकत्र येतात, त्यामुळे रेखांशाचा विचारच करावा लागत नाही. दुसऱ्या ठिकाणचा अक्षांश नव्वदातून वजा करायचा आणि उरलेल्या अंशांना १११ने गुणायचे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या अॅडलेड बेटावर रॉथेरा नावाचे ब्रिटिश संशोधन केंद्र आहे. त्याचा अक्षांश साधारण साडेसदुसष्ट अंश दक्षिण. नव्वदातून ते गेले की उरतात साडेबावीस. त्यांना १११ने गुणले की उत्तर येते सुमारे २,५०० किलोमीटर. मुंबईहून बहारीन जवळपास एवढेच दूर आहे आणि प्रवासी जेट विमान तिथे साडेतीन तासांच्या आसपास पोहोचते.

२०१६च्या जून महिन्यात ध्रुवावरच्या दोन आजारी कर्मचाऱ्यांना याच मार्गाने बाहेर काढण्यात आले. त्यांना आणायला विमाने कॅनडातून निघाली ती १४ जूनला. रुग्ण रॉथेरामार्गे चिलीतल्या पुंता अरेनास शहरात पोहोचले २२ जूनला. म्हणजे आठ दिवस. जे अंतर कागदावर साडेतीन तासांचे दिसते, त्याला आठ दिवस का लागावेत? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण रुग्णाला एका जागेवरून दुसरीकडे हलवण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते. तेव्हा मनात जे पहिले गणित येते ते किलोमीटरचे असते आणि तेच आपल्याला फसवते.

सहा महिन्यांची रात्र

दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचे अमुंडसेन-स्कॉट हे संशोधन केंद्र आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,८३५ मीटर. इथली धावपट्टी डांबराची नाही, दाबून सपाट केलेल्या बर्फाची आहे. तिच्यावर चाकांऐवजी घसरपट्ट्या लावलेली विमाने उतरतात. मार्चमध्ये सूर्य मावळतो तो सप्टेंबरमध्येच उगवतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर शेवटचे विमान गेले की ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत नियमित वाहतूक बंद असते. या काळात चाळीस-पन्नास माणसे तिथे राहतात. २०१६च्या हिवाळ्यात ती ४८ होती. त्यांच्यासाठी एक छोटा दवाखाना आणि साधारणपणे एक डॉक्टर व एक साहाय्यक असतो.

जून-जुलैत इथले तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. १९८२च्या जूनमध्ये ते उणे ८२.८पर्यंत उतरले होते. जगभरची प्रवासी विमाने जे इंधन वापरतात, ते उणे ४७ अंशांच्या खाली गोठू लागते. विमानातले वंगण घट्ट होते, रबराच्या चकत्या कडक होऊन तडकतात. उन्हाळ्यात ध्रुवावर ये-जा करणारी मोठी हर्क्युलिस मालवाहू विमाने उणे ५० अंशांच्या खाली वापरता येत नाहीत, ती याच कारणांमुळे. शिवाय इतक्या थंडीत बर्फही बर्फासारखा वागत नाही. एरवी घसरपट्टीच्या दाबाने आणि घर्षणाने तिच्याखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि विमान सहज घसरते. उणे ६०ला तो थर तयार होत नाही. मग बर्फ वाळूसारखा पट्ट्यांना धरून ठेवतो आणि उड्डाणासाठी वेग घेणे अवघड होते.

अशा थंडीत चालणारे विमान म्हणजे ट्विन ऑटर. कॅनडात बनलेले हे दोन इंजिनांचे, पंख्यांचे छोटे विमान १९६५मध्ये पहिल्यांदा उडाले. ते उणे ७५ अंशांपर्यंत काम करू शकते. मात्र त्याचा वेग ताशी २७०-३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेट विमानाच्या जेमतेम एक तृतीयांश. साडेतीन तासांचे अंतर इथे नऊ-दहा तासांचे होते.

आठ दिवस कुठे गेले?

२०१६च्या मोहिमेसाठी केन बोरेक एअर या कॅनडातल्या कंपनीची दोन ट्विन ऑटर विमाने कॅलगरीहून निघाली. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंड उभे ओलांडून, ठिकठिकाणी इंधन भरत ती २० जूनला रॉथेराला पोहोचली. तिथली धावपट्टी फक्त ९०० मीटर लांबीची, खडीची. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, एक विमान ध्रुवाकडे निघाले. दुसरे रॉथेरालाच थांबले, कारण पहिले वाटेत कुठे उतरावे लागले तर त्याला शोधायला जाणारे त्या भागात दुसरे कोणी नव्हते. विमानात वैमानिक, सहवैमानिक, अभियंता आणि एक वैद्यकीय कर्मचारी असे चौघे होते. दक्षिण गोलार्धातला हा वर्षातला सर्वात लहान दिवस. ध्रुवावर तर सूर्य मावळून तीन महिने झाले होते.

या प्रवासात एक जागा अशी येते, जिथून मागे फिरण्याइतके इंधन उरत नाही. मधे उतरायला विमानतळ नाही. त्या जागी पोहोचण्याआधी ध्रुवावरचे हवामान पुन्हा विचारायचे आणि ठरवायचे: पुढे जायचे की परतायचे. एकदा ती जागा ओलांडली की ध्रुवावर उतरावेच लागते, मग तिथे धुके असो की वारा.

विमान उतरले. चौघांनी काही तास विश्रांती घेतली. रुग्णांना घेऊन ते रॉथेराला परतले आणि तिथून पुढच्या टप्प्यात, त्याच तारखेला, रुग्ण सुमारे १,६०० किलोमीटरवरच्या पुंता अरेनासला पोहोचले.

आता हिशेब मांडू. ध्रुवापासून पुंता अरेनासपर्यंत रुग्ण प्रत्यक्ष हवेत होते ते साधारण पंधरा-सोळा तास. पूर्ण मोहिमेला लागले आठ दिवस, म्हणजे सुमारे १९० तास. योग्य विमान तिथवर आणणे, हवामानाची वाट पाहणे आणि चमूला विश्रांती देणे यांतच बहुतेक वेळ गेला. त्याआधी निर्णय घेण्यात गेलेले दिवस यात धरलेलेच नाहीत. दोन रुग्णांसाठी चार निरोगी माणसांचा जीव धोक्यात घालायचा का, हा प्रश्न त्या निर्णयात असतो. रुग्णाची प्रकृती, ध्रुवावर होऊ शकणारे उपचार आणि उड्डाणाचा धोका हे सारे तोलून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने मोहिमेला मान्यता दिली. ध्रुवाच्या बंद काळात अशी सुटका त्याआधी दोनदाच झाली होती. एप्रिल २००१मध्ये तर आजारी पडले ते केंद्रातले एकमेव डॉक्टरच. त्यांच्या पित्ताशयात खडे आणि स्वादुपिंडाला सूज होती. त्यांना आणायला गेलेल्या ट्विन ऑटरने जाताना बदली डॉक्टर नेला. दुसरी मोहीम सप्टेंबर २००३मध्ये झाली.

लांबचा रस्ता लवकर संपतो तेव्हा

त्याच वर्षी, त्याच ध्रुवावर, आणखी एक रुग्ण होता. चंद्रावर उतरलेले दुसरे मानव बझ ऑल्ड्रिन हे ८६ व्या वर्षी पर्यटक म्हणून तिथे गेले आणि आजारी पडले. तारीख होती १ डिसेंबर २०१६. ध्रुवावर उन्हाळा होता, सूर्य चोवीस तास आकाशात होता, हर्क्युलिस विमानांची वाहतूक सुरू होती. त्यांना आधी १,३५० किलोमीटरवरच्या मॅकमर्डो केंद्रात आणि तिथून सुमारे ३,८०० किलोमीटरवरच्या न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला नेण्यात आले. २ डिसेंबरच्या पहाटे ते रुग्णालयात होते. त्यांच्या फुप्फुसात पाणी साचले होते आणि उपचारांनी ते बरे झाले.

दोन्ही प्रवास शेजारी ठेवून पाहा. डिसेंबरचा रस्ता पाच हजार किलोमीटरहून अधिक होता आणि तो एका दिवसात संपला. जूनचा रस्ता चार हजारांच्या थोडा वर होता आणि त्याला आठ दिवस लागले. जे अंतराने जवळ ते वेळेने दूर, अशी ही उलटी स्थिती. वैद्यकात महत्त्वाचे ठरते ते वेळेचे अंतर.

विरळ हवेत रुग्णाचे काय होते?

वेळ वाढली की केवळ उशीर होत नाही, प्रवासही अधिक धोक्याचा होतो. ध्रुवावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. ध्रुवप्रदेशातल्या थंड हवेमुळे तिथला दाब त्याच उंचीवरच्या इतर ठिकाणांपेक्षा कमी असतो. त्यामुळे उंची २,८३५ मीटर असली तरी शरीराला ती तीन हजारांच्या वरची वाटते, लेहच्या जवळपास जाणारी.

प्रवासी जेट विमानात हवा दाबून भरलेली असते. विमान अकरा हजार मीटरवर उडत असले तरी आतला दाब जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवतात. ट्विन ऑटरमध्ये ही सोय नाही. बाहेर जी हवा, तीच आत. पठारावरून आणि डोंगरांवरून उडताना विमान ध्रुवाहूनही उंच जाते, तेव्हा रुग्णाला आणखी विरळ हवेत तासन्‌तास राहावे लागते.

अशा वेळी डॉक्टर जे गणित करतो ते अगदी साधे आहे. समजा, एका रुग्णाला मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन लागतो. जेटच्या साडेतीन तासांसाठी ८४० लिटर. ट्विन ऑटरच्या दहा तासांसाठी २,४०० लिटर. करोनाच्या काळात घरोघरी माहीत झालेल्या ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. म्हणजे पहिल्या प्रवासाला एक सिलिंडर पुरतो, दुसऱ्याला दोन लागतात. उशीर, समोरचा वारा, गळती हे धरून साठा दीडपट ते दुप्पट ठेवायचा, म्हणजे तीन-चार सिलिंडर. छोट्या विमानात प्रत्येक किलो इंधनाच्या वजनाशी भांडत असतो. या सगळ्या हिशेबात किलोमीटर हा शब्द कुठेच येत नाही. लिटर गुणिले मिनिटे, एवढेच सूत्र.

दुसरी गोष्ट शरीरात अडकलेल्या हवेची. दाब दोन तृतीयांशावर आला की तीच हवा दीडपट जागा घेते. निरोगी माणसाच्या पोटात त्यामुळे थोडा फुगारा येतो, कान दडतात. पण फुप्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा साचली असेल, तर ती फुगून फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबू शकते. आतडी अडकलेल्या रुग्णाचे पोट धोकादायकरीत्या ताणते. डोळ्याच्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात, तो फुगला तर दृष्टी जाऊ शकते. थंडीचे त्रास वेगळेच. यंत्रांच्या बॅटरीची ताकद उतरते, सलाइन गोठू शकते.

घड्याळाचीही एक गंमत आहे. ध्रुवावर सगळे रेखांश एकत्र येत असल्याने कोणतीही वेळ पाळली तरी चालते. तिथे पाळतात न्यूझीलंडची वेळ. रॉथेराचे घड्याळ जूनमध्ये तिच्यापेक्षा पंधरा तास मागे असते. ध्रुवावरून बुधवारी सकाळी सहाला निघालेले विमान दहा तासांनी रॉथेराला उतरले, तर तिथे वाजलेले असतात बुधवारचेच रात्रीचे एक, म्हणजे निघण्याच्या पाच तास आधी! हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट, पण दर सहा तासांनी द्यायचे औषध यात सहज चुकू शकते. म्हणून अशा प्रवासात औषधांच्या वेळा एकाच घड्याळाने लिहायच्या असतात. परदेशी जाणाऱ्या आणि इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींनीही हे ध्यानात ठेवावे. घड्याळ बदलले तरी दोन डोसांमधले तास मोजावेत आणि त्यांचे वेळापत्रक निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

विमान येणारच नाही असे धरून

अंटार्क्टिकावरच्या वैद्यकीय व्यवस्थेचा पाया एका गृहीतकावर आहे: हिवाळ्यात विमान येणार नाही. बाकीचे सारे त्यावरून ठरते.

३० एप्रिल १९६१ रोजी नोव्होलाझारेव्स्काया या सोव्हिएत केंद्रातले २७ वर्षांचे डॉक्टर लिओनिद रोगोझोव यांनी स्वतःच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया स्वतः केली. केंद्रात दुसरा डॉक्टर नव्हता आणि हिमवादळात विमान येणे शक्य नव्हते. जागेवर बधिर करण्याचे इंजेक्शन घेऊन, सहकाऱ्यांनी धरलेल्या आरशात पाहत, बराचसा भाग हातांच्या स्पर्शाने ओळखत त्यांनी पावणेदोन तासांत ती पूर्ण केली. ते वाचले. आज ऑस्ट्रेलिया आपल्या केंद्रांवर हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरांचे अपेंडिक्स निघण्यापूर्वीच काढून घ्यायला लावते.

१९९९च्या हिवाळ्यात ध्रुवावरच्या डॉक्टर जेरी निल्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी गाठीचा नमुना स्वतःच घेतला आणि पेशींची छायाचित्रे उपग्रहामार्फत अमेरिकेतल्या तज्ज्ञांकडे पाठवली. जुलैत एका लष्करी विमानाने न उतरताच औषधांची खोकी पॅराशूटने टाकली. दूरच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने केमोथेरपी ध्रुवावरच सुरू झाली. त्यांना न्यायला विमान उतरू शकले ते ऑक्टोबरच्या मध्यावर. रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचू शकत नव्हता, तेव्हा उपचार रुग्णापर्यंत आणले गेले. त्यानंतर त्या दहा वर्षे जगल्या. कर्करोग उलटल्याने २००९मध्ये त्यांचे निधन झाले.

भारताचे मैत्री हे केंद्र रोगोझोव यांच्या त्या केंद्रापासून अवघ्या काही किलोमीटरवर, शिर्माकर ओअॅसिस या भागात आहे. ते १९८९मध्ये सुरू झाले. ही मोहीम चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्को येथे आहे. पहिली भारतीय मोहीमही डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहूनच जहाजाने निघाली होती. आता उन्हाळ्यात केप टाउनहून मोठे मालवाहू विमान नोव्होच्या बर्फावरच्या धावपट्टीवर उतरते. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर, वेळ साधारण सहा तास. हिवाळ्यात मात्र तेच अंतर महिन्यांचे होते. म्हणून निघण्यापूर्वी सदस्यांची दिल्लीत एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी होते, उत्तराखंडमधल्या औली इथे बर्फात राहण्याचे प्रशिक्षण होते आणि तुकडीबरोबर डॉक्टर असतो. बहुतेक केंद्रांवर रक्तपेढी नसते, पण कोणाचा रक्तगट कोणता आणि कोणाचे रक्त कोणाला चालेल याची यादी तयार असते. म्हणजे तिथली माणसेच चालतीबोलती रक्तपेढी असतात.

अंतर आधीच कमी करणे

विमान रोज येते अशा दुर्गम ठिकाणीही हीच रीत दिसते. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड द्वीपसमूहावर लाँगइअरब्येन हे गाव आहे. मुख्य भूमीवरचे ट्रॉम्सो शहर तिथून सुमारे ९६० किलोमीटरवर, जेटने दीड-पावणेदोन तासांवर. गावात छोटे रुग्णालय आहे. तरीही गरोदर स्त्रियांना प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधीच मुख्य भूमीवर जायला सांगतात. कळा सुरू झाल्यावर दीड तासाचे विमान असून नसल्यासारखे, हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी वादळ असू शकते, विमान दुसरीकडे असू शकते.

आपल्याकडच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. अशा आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ ही सोय केलेली आहे. बाळंतपणाची तारीख जवळ आली की बाईने काही दिवस आधीच तिथे येऊन राहायचे. नदी, जंगल आणि रात्र हे तिन्ही अडथळे कळा सुरू होण्याआधीच मागे टाकायचे. लाँगइअरब्येन आणि भामरागड यांच्यात श्रीमंतीचे मोठे अंतर आहे, पण उत्तर दोघांनी एकच काढले आहे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात ‘तीन उशीर’ मांडले. मदत घ्यायची हे ठरवण्यात होणारा पहिला उशीर, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला दुसरा आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार मिळण्यातला तिसरा. आपण बोलतो ते बहुधा दुसऱ्याबद्दल, कारण तो रस्त्यावर दिसतो. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला पहिला आणि तिसरा जास्त भेटतात. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून घालवलेली रात्र हा पहिला उशीर. ‘इथे बेड नाही, दुसरीकडे न्या’ हा तिसरा. ध्रुवावरच्या आठ दिवसांतही विमानातले तास सर्वात कमी होते, हे आठवून पाहा.

तुमच्या घरापासूनचे तास

यातून सामान्य कुटुंबाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, ‘मोठे रुग्णालय किती किलोमीटर?’ हा प्रश्न सोडून द्यावा. लक्षण दिसल्यापासून खरा उपचार सुरू होईपर्यंत किती वेळ जाईल, हे विचारावे. त्यात गाडी मिळण्याचा वेळ धरावा, घाट, फाटक आणि पूल धरावेत, पोहोचल्यावर केसपेपरपासून डॉक्टर भेटेपर्यंतचा वेळही धरावा. दिवसाचे आणि रात्रीचे उत्तर वेगळे येईल, उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचेही.

छातीत दुखू लागले तर जिथे ईसीजी निघतो अशा सर्वात जवळच्या रुग्णालयात आधी जावे. हृदयविकाराचा तीव्र झटका असेल आणि अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच घेऊन मग पुढे जाणे बहुतेक रुग्णांसाठी योग्य ठरते. ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतात. थेट शहराकडे गाडी पळवण्यात ही संधी हातची जाते. पक्षाघातात तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे दिसले की लगेच घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून स्कॅनची सोय नसलेल्या ठिकाणी थांबून उपयोग नाही. दोन आजार, दोन वेगळे रस्ते. कुठे जायचे हे १०८ला फोन केल्यावर विचारता येते.

रुग्ण पुढे पाठवला जात असेल तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पुढच्या रुग्णालयाशी बोलणे झाले आहे का आणि तिथे जागा आहे का? सिलिंडरमधला ऑक्सिजन किती मिनिटे पुरेल? कोणती औषधे किती वाजता दिली, हे चिठ्ठीवर लिहिले आहे का? ईसीजी, एक्स-रे, जुने डिस्चार्ज कार्ड यांची पिशवी रुग्णाबरोबरच जायला हवी. मागून येणाऱ्या नातेवाइकाकडे ती असून उपयोग नसतो.

आणि विमानाने जायचे असेल तर काही रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. अलीकडे छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले, छातीत हवा साचून उपचार घेतलेले, डोळ्यात वायू सोडलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, दम्याचा किंवा फुप्फुसाच्या आजाराचा त्रास असून घरी ऑक्सिजन लागणारे आणि रक्त खूपच कमी असलेले, हे ते रुग्ण. नव्या प्लास्टरखाली सूज वाढू शकते, तेही दाखवून घ्यावे. विमान कंपन्यांचा यासाठी वैद्यकीय अर्ज असतो. तो डॉक्टरांकडून भरून घ्यायचा आणि वेळेत द्यायचा. ऑक्सिजन लागणार असेल तर तो आयत्या वेळी विमानतळावर मिळत नाही.

आज घरात कोणी आजारी नसेल, तर हीच वेळ हे गणित करायला बरी. आपल्या गावापासून ईसीजी कुठे निघतो, सीटी स्कॅन कुठे होतो, रात्री प्रसूती कुठे होते आणि रक्त कुठे मिळते, हे एका कागदावर लिहावे. प्रत्येकापुढे किलोमीटर न लिहिता मिनिटे लिहावीत. पावसाळ्यात पूल बंद झाला तर दुसरा रस्ता कोणता, तेही लिहावे. तो कागद फ्रिजच्या दारावर किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवावा.